सॅमसंग पीएम9ए3 (1.92 टीबी, यू.2): आकड्यांत मागे, डेटाबेसला पुढे

पीएम9ए3 ही सॅमसंगची सर्व्हरसाठीची एसएसडी. खोक्यावरचे आकडे बघितले तर सॅमसंगचीच घरगुती संगणकासाठीची 990 प्रो हिच्यापेक्षा सरस वाटते. पण ते आकडे असंख्य मागण्या एकदम रांगेत लावून काढलेले असतात. पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) मात्र प्रत्येक व्यवहार पक्का करताना, म्हणजे कमिटच्या वेळी, एफसिंक करून, म्हणजे 'डेटा कायमचा लिहून टाक' असं ड्राइव्हला सांगून, उत्तराची वाट बघत बसतं. 990 प्रोमध्ये वीज गेल्यावर आधार देणारे कपॅसिटर नाहीत, म्हणून तिला दर वेळी कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा फ्लॅशवर, म्हणजे कायमच्या साठ्यावर, उतरवावा लागतो. पीएम9ए3वर ते कपॅसिटर आहेत. डेटा तिच्या डीरॅममध्ये, म्हणजे त्याच तात्पुरत्या मेमरीत, पोचला की ती लगेच 'झालं' म्हणते, कारण वीज गेली तरी तो उतरवण्यापुरती ऊर्जा बोर्डावरच साठलेली असते. खात्री करायची तर पोस्टग्रेससोबत येणारं पीजी_टेस्ट_एफसिंक हे वेग मोजायचं साधन दोन्हींवर चालवा आणि एफडेटासिंकची (एफसिंकचाच एक प्रकार) ओळ तेवढी बघा.

'यूपीएस आहे ना' असं म्हणून भागत नाही. एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) उडाला किंवा कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं, तर यूपीएस काय करणार?

आयुष्य दणकट: 5 वर्षं रोज एकदा पूर्ण भरून लिहिण्याची हमी, म्हणजे सुमारे 3,500 टीबी. 2 टीबीच्या 990 प्रोला 1,200 टीबी.

डोकेदुखी आहे ती जोडणीची. साध्या मदरबोर्डवर यू.2 (सर्व्हरच्या ड्राइव्हची जोडणी) सहसा नसतं, आणि एम.2मधून (मदरबोर्डवरचा एसएसडीचा छोटा स्लॉट) काढलेल्या स्वस्त केबलवर पीसीआयई 4.0 (ड्राइव्ह ज्यावरून बोलते ती वेगवान जोडणी) अडखळतं. कर्नलच्या लॉगमध्ये एईआरच्या (पीसीआयईवरच्या चुकांच्या) ओळी दिसू लागल्या तर ड्राइव्हला बोल लावण्याआधी केबल बदला, नाहीतर बायॉसमध्ये तो स्लॉट जेन 3वर (पीसीआयई 3.0) आणा; कमिटच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. हिची एम.2 आवृत्ती 110 मिमी लांब आहे, 80 मिमीच्या जागेत बसत नाही. यू.2 असो वा एम.2, पंख्याचा वारा हवाच.

हा ओईएम माल, म्हणजे दुकानातून नव्हे तर सर्व्हर बनवणाऱ्यांना विकला जाणारा, त्यामुळे वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. वापरलेली घेत असाल तर एनव्हीएमई-सीएलआय या साधनाने काढलेला स्मार्ट-लॉग (ड्राइव्हच्या तब्येतीची नोंद) मागा. मीडिया एरर शून्य नसेल तर हातही लावू नका.

बजेट नसेल तर 990 प्रोवर पोस्टग्रेसची सिंक्रोनस_कमिट ही सेटिंग (कमिटच्या उत्तराआधी डिस्कची वाट बघणं) बंद ठेवता येते: वीज गेल्यास शेवटचे काही व्यवहार जातील, पण डेटाबेस शाबूत राहील. एफसिंक ही सेटिंग मात्र बंद करू नका, त्यात टेबलंच अर्धवट लिहिली जातात.