साधा, सेमी मॉड्युलर की फुल मॉड्युलर? वायरिंग डोळ्यांसमोर ठेवून एसएमपीएस निवडताना

पहिल्यांदा घरी पीसी जोडणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डावर महिनाभर डोकं लावतो, आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र दुकानदार देईल तो घेतो. जोडायला बसल्यावर जास्तीत जास्त वेळ खातो तो हाच, कारण कॅबिनेटमधल्या बहुतेक जाड वायरी त्याच्यातूनच निघतात.

साध्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी कायमच्या जोडलेल्या असतात. सेमी मॉड्युलरमध्ये मदरबोर्डची 24 पिनची आणि बहुधा प्रोसेसरची 8 पिनची वायर कायम, बाकीच्या लागतील तेवढ्याच लावायच्या. फुल मॉड्युलरमध्ये सगळ्याच सुट्या. त्याच वॅटला आणि त्याच दर्जाला साधा स्वस्त पडतो, फुल महाग.

सोलापुरात हा फरक निव्वळ दिसण्याचा राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, आणि पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर हवेत कापसाचे तंतू कायमचे. मावशीच्या घरचा पीसी मी उघडला, तेव्हा न वापरलेल्या साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरींचं जुडगं पुढच्या फॅनच्या अगदी मागे कोंबलेलं होतं. त्यावरचा करडा थर बोटानं ओढला तर पापुद्र्यासारखा अखंड निघाला. फॅन फिरत होता, पण वारा आत पोचतच नव्हता. तो एसएमपीएस साधा होता. अर्थात, तुमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएससाठी खाली वेगळा झाकलेला कप्पा असेल, तर जादा वायरी तिथे दडवता येतात आणि साध्यावरही छान भागतं. म्हणून आधी कॅबिनेट बघा, मग एसएमपीएस ठरवा.

आता प्रत्यक्ष जोडणी. 24 पिन आणि प्रोसेसरची 8 पिन तुम्हाला लावावीच लागते, त्यामुळे त्या सुट्या असण्याचा रोजच्या वापरात उपयोग नाही. फुल मॉड्युलरचा खरा फायदा अरुंद कॅबिनेटमध्ये कळतो. प्रोसेसरची वायर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून आधी ओवून ठेवता येते आणि एसएमपीएस मागाहून बसवता येतो. मॉड्युलर घेतलात तर सुट्या वायरी एसएमपीएस आत सरकवण्याआधीच त्याला लावा, नंतर हात शिरत नाही.

प्रोसेसरची आणि ग्राफिक कार्डाची 8 पिन सारखीच दिसते, पण आतली रचना उलटी असते. एकीच्या ज्या रांगेत 12 व्होल्ट, दुसरीच्या त्याच रांगेत ग्राउंड (अर्थिंग). बहुतेक वेळा प्रोसेसरची वायर 4 आणि 4 अशी सुटी होते, ग्राफिक कार्डाची 6 आणि 2 अशी. जाईना तर जोर लावू नका. नीट बसली की खटका पडल्याचा आवाज येतो.

पॉवर बटण, रिसेट आणि दिव्यांच्या बारीक वायरी कॅबिनेटकडून येतात, एसएमपीएस कुठलाही घेतला तरी तो त्रास चुकत नाही. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्यांना मात्र प्लस-मायनस पाहावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. बिलं, टायपिंग, मुलांचा अभ्यास एवढंच असेल आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसेल, तर चांगल्या कंपनीचा साधा 450 वॅटचा घ्या. ग्राफिक कार्ड लावणार असाल किंवा घराजवळ माग असतील, तर सेमी मॉड्युलर. फुलचे जादा पैसे छोट्या कॅबिनेटसाठीच मोजा, नाहीतर ते एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी लागणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर) घाला.

मॉड्युलरचा एक धोका मात्र मी स्वतः भोगलाय. साटाची वायर कमी पडली म्हणून दुसऱ्या एसएमपीएसची घरात पडलेली वायर लावली. प्लग अगदी बरोबर बसला. पीसी चालू केला आणि हार्ड डिस्क जळाली, आत बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनला कुठलं व्होल्टेज हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असतं. तेव्हापासून उरलेल्या वायरी मी पिशवीत घालतो, वर मॉडेलचं नाव मार्करनं लिहितो आणि पिशवी त्याच एसएमपीएसच्या खोक्यात ठेवतो.