सत्तर गुणांचा कागद: कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठीच्या तक्त्याचं परीक्षण

डॉक्टर कुत्र्याला पंधरा मिनिटं बघतात, तुम्ही दिवसरात्र बघता. त्यामुळे निदानानंतर त्याचं कसं चाललंय याची खरी माहिती घरातच असते. अडचण एवढीच, की ती आशेत, जागरणात आणि घरातल्या चार मतांमध्ये विखुरलेली असते. ती एका पानावर आणायला ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुकर्करोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. नाव बोजड आहे: एचएचएचएचएचएमएम. सात इंग्रजी मथळ्यांची ती आद्याक्षरं. इंटरनेटवर फुकट मिळतो, एका पानात मावतो आणि भरायला पाच मिनिटं पुरतात.

वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि शेवटी ‘वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जास्त आहेत का’ अशा सात ओळी आहेत. प्रत्येकीला ० ते १० गुण, एकूण ७०. बेरीज ३५ च्या वर असेल तर घरची शुश्रूषा चालू ठेवायला हरकत नाही, असा त्याचा हिशोब.

ओळी उत्तम आहेत, बेरीज मात्र फसवी आहे. सहा ओळींना ९ आणि वेदनेला १ दिला तरी ५५ होतात. म्हणजे ज्याला धड श्वास घेता येत नाही तो कुत्राही झोकात पास! मूळ तक्त्यात वेदनेच्या ओळीतच श्वास धरलेला आहे आणि त्याला पहिला मान आहे, पण बेरीज करताना तो मान नाहीसा होतो. म्हणून वापरताना पदरचा एक नियम जोडा: वेदनेला ४ किंवा कमी गुण पडले, तर बेरीज न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

ही ओळ अंदाजाने भरू नका. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. रोज त्याहून जास्त भरत असेल, किंवा पंख्याखाली निवांत पडूनही तो तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर गुण कापा. वेदना होत असलेला कुत्रा केकाटेलच असं नाही. रात्री जागा बदलत राहणं, बसता बसता थांबणं, एकच सांधा चाटत राहणं, हात लावायला गेलं की मान वळवणं, ही त्याची भाषा. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांना देतात ते वेदनाशामकसुद्धा नाही. दोन्ही मिळून जठराला भोक पाडू शकतात. गॅबापेंटिन हे वेदनेवरचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं तर कॅप्सूल घ्या. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

भुकेच्या ओळीत प्रेडनिसोलोन सगळ्यांना चकवतं. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) कुत्र्याला ते सुरू झालं की गाठी लहान होतात आणि भूक वाढते. वाटी चाटूनपुसून साफ होते आणि घरचे दहापैकी दहा देतात. ती भूक औषधाची असते. तिच्या जोडीला आठवड्यातून एकदा वजन करा: त्याला कडेवर घेऊन बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्याला दवाखान्यातल्या काट्यावर न्या. कपाळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत का, मांडी हाताला पातळ लागते का, हेही बघा. स्टेरॉइडने पोट सुटतं आणि मांस झडतं, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. खरंच खात नसेल तर उकडलेलं चिकन आणि मऊ भात कोमट करून द्या, वास सुटला की पुष्कळदा तोंड लावतो. कांदा-लसणाचा रस्सा मात्र कितीही आवडता असला तरी नाही.

गाठीतून सुईने नमुना घेण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नये, हेही इथेच सांगायला हवं. निदान धूसर होतं आणि पुढची केमो कमी लागू पडते.

पाण्याची ओळ मोजून भरता येते. सकाळी भांड्यात मापाने पाणी घाला, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर लागतं, त्यात खाण्यातलंही आलं. दोन लिटरच्या वर जात असेल तर मागे औषध, मधुमेह, मूत्रपिंड असं काहीतरी कारण असतं. त्याला पूर्ण गुण देऊ नका. मानेची कातडी ओढून बघण्यावर म्हाताऱ्या कुत्र्यात भरवसा ठेवू नका, कातडी तशीही सैल असते. त्यापेक्षा हिरड्यांना बोट लावा. ओल्या आणि गुलाबी हव्यात.

स्वच्छतेची ओळ मूळ तक्त्यात फार सौम्य आहे. आपल्याकडे पावसाळ्यात फुटलेल्या गाठीवर माश्या बसल्या की दिवसभरात अळ्या पडतात. जखम दिवसातून दोनदा प्रकाशात बघा आणि झाकलेली ठेवा. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन ओतू नका, कच्चं मांस भाजतं. दवाखान्यात नेऊन काढून घ्या. पडून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर दोन ते चार तासांनी बदला, कोपर आणि कंबरेच्या हाडांखाली जाड गादी द्या. लघवीने भिजणाऱ्या जागेचे केस कापून तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला की कातडी सोलत नाही.

हालचालीचे गुण बऱ्याचदा कुत्र्याचे नसतात, गुळगुळीत टाइल्सचे असतात. त्याच्या रोजच्या वाटेवर योगा मॅट किंवा रबरी पायपुसणी अंथरा, नखं कापा, तळव्यांमधले केस काढा, पोटाखालून टॉवेलची झोळी देऊन उठवा आणि मग गुण द्या. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय काढलेला कुत्रा तीन पायांवर मजेत फिरत असेल तर त्याचे गुण कापायचं कारण नाही. पाय न काढलेल्याला मात्र जिने आणि उड्या बंद. पोखरलेलं हाड अचानक मोडतं.

आनंदाची ओळ सर्वांत कच्ची. तिला आधार द्यायचा तर निदानाच्या आठवड्यातच त्याच्या चार-पाच ठरलेल्या सवयी लिहून ठेवा: पट्टा दिसला की उठणं, दूधवाल्यावर भुंकणं, संध्याकाळी दारात बसणं. आज त्यांतल्या किती झाल्या, तेवढंच मोजा.

हा कागद सगळ्या कॅन्सरांना सारखा लागू पडत नाही. लिम्फोमा किंवा हाडाच्या गाठीत घसरण बहुधा टप्प्याटप्प्याने होते आणि तक्ता ती पकडतो. प्लीहेच्या हिमँजिओसार्कोमात (रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरमध्ये) तो सपशेल नापास. गाठ पोटात फुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा कोसळतो. रक्तस्राव थांबला तर दुसऱ्या दिवशी शेपटी हलवत जेवतो आणि गुण पुन्हा ६० वर. असं वर-खाली दिसलं तर बऱ्या दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, सोनोग्राफी करून घ्या.

केमो चालू असेल तर तक्त्याशेजारी कॅलेंडर हवं. उलट्या-जुलाब बहुतेक इंजेक्शननंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत होतात, पांढऱ्या पेशी साधारण आठवड्याने तळ गाठतात. या दिवसांतल्या कमी गुणांवर मोठे निर्णय घेऊ नयेत. ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर गेला तर मात्र रात्रीसुद्धा थांबू नका. बहुकेंद्री, म्हणजे अनेक ग्रंथींत पसरलेल्या लिम्फोमात सीएचओपी या चार औषधांच्या केमोने सरासरी वर्षभर मिळतं, नुसत्या प्रेडनिसोलोनने एक-दोन महिने. तेव्हा आपण किती लांबचे गुण मोजतोय, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

गुण घसरले की प्रत्येक वेळी कॅन्सरला दोष देऊ नका. गोचीडताप, स्टेरॉइडवरचा लघवीचा संसर्ग, किडलेली दाढ यांनीही आठ-दहा गुण जातात आणि उपचाराने परत येतात. रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय तो आकडा अंतिम मानणं अन्याय आहे.

भरायची पद्धत अशी: घरातल्या दोघांनी, एकमेकांचं न बघता, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी. शेवटचा टप्पा आला की रोज. दोघांत एकाच ओळीत तीनपेक्षा जास्त फरक पडला तर त्या ओळीवर बोला. जो रात्री त्याच्याजवळ झोपतो त्याचे वेदनेचे गुण बहुतेक कमी निघतात, आणि बहुतेक तेच बरोबर असतात. शेवटच्या ओळीसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बऱ्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली मारा. आठवणीत मागचा दिवस नेहमी सुधारलेला असतो.

फक्त वेदनाच मोजायची असेल, विशेषतः हाडाच्या कॅन्सरमध्ये, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची कॅनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरी जास्त काटेकोर आहे. गेल्या सात दिवसांतल्या वेदनेबद्दल आणि तिच्यामुळे चालण्या-उठण्यात येणाऱ्या अडथळ्यांबद्दल विचारते, आणि हाडाचा कॅन्सर झालेल्या कुत्र्यांवर ती तपासलेली आहे. भूक, जखम, पाणी यांबद्दल मात्र ती काही सांगत नाही. औषध लागू पडतंय का यासाठी ती, आणि कुठवर जायचं यासाठी व्हिलालोबोसचा कागद, अशी वाटणी चांगली चालते.

३५ ची वाट बघू नका. बेरीज ४५ च्या आसपास आली की डॉक्टरांकडे जाऊन चार गोष्टी विचारून ठेवा: दयामरणासाठी घरी येता का, रात्री आणि रविवारी फोन कोण घेतं, शेवटच्या इंजेक्शनआधी गुंगीचं इंजेक्शन देता का (द्यायलाच हवं), आणि शहरात पालिकेची प्राण्यांसाठी दाहिनी आहे का. नंबर त्याच कागदाच्या मागे लिहा.