जुन्या चारशेसातला विजेचा पंखा : कुर्ल्यात करून घेतलेल्या कामाचे परीक्षण

आमच्याकडे २००५ सालची टाटा ४०७ आहे. आरटीओच्या कागदावर ती मालवाहू ट्रक असली, तरी गावाकडे तिला कोणी टेम्पोखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाही. हंगामात नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाट उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत पहाटेपर्यंत वाशीचा बाजार गाठायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परतायचे, हे तिचे मुख्य काम; उरलेल्या महिन्यांत मुंबईतल्या मुंबईत मिळेल ते भाडे ती मारते. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिच्या वॉटर पंपाचे बेअरिंग खिळखिळे झाले, पंपाच्या पुलीवरचा पंखा डुगडुगू लागला आणि मानखुर्दला गर्दीत उभी असताना त्याच्या एका पात्याने काऊल (पंख्याभोवतीचे आवरण) खरवडून इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या जाळीला धक्का दिला. जाळी दुरुस्त झाली, पंपही नवा आला. परंतु पंखा पुन्हा तोच, पट्ट्यावर फिरणारा बसवायचा की विजेचा, हा प्रश्न कुर्ल्याच्या सीएसटी रोडलगतच्या गॅरेजमध्ये उभा राहिला. तेथे करून घेतलेल्या कामाचा वर्षभराचा अनुभव येथे मांडत आहे.

विजेचा पंखा सुचवताना मिस्त्रींनी दिलेले कारण मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. “शेठ, तुमची गाडी रस्त्यावर तापत नाही, सिग्नलला तापते,” असे ते म्हणाले. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो. इंजिन मंद चालू असले की तोही मंद फिरतो; आणि मुंबईच्या कोंडीत नेमके हेच तासन्तास चालते, समोरून वारा नाही आणि पंख्यालाही जोर नाही. उलट मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठच्या वेगाने जाताना समोरचा वाराच जाळी थंड ठेवायला पुरेसा असतो, तेव्हा हा पंखा गरज नसताना इंजिनाची ताकद खात फिरत राहतो. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणेघेणे नसते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की तो पूर्ण वेगाने सुरू होतो आणि पाणी निवले की बंद पडतो. आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट (तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ अंशांना उघडतो. पंख्याचा स्विच ९२ अंशांना चालू आणि ८७ अंशांना बंद होणारा निवडला.

खर्च असा झाला : १२ व्होल्टचा १६ इंची नवा पंखा ४,८०० रुपये, स्विच आणि रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) तो बसवण्याचा तुकडा ९०० रुपये, रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि वायर मिळून १,४०० रुपये, पत्र्याचा काऊल १,८०० रुपये आणि मजुरी २,५०० रुपये; एकूण ११,४०० रुपये. भंगारातल्या मोटारगाडीचा पंखा निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता, पण त्याच्या मोटरचे बुश किती झिजले आहेत हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो मोह मी टाळला.

या कामातील सर्वांत चांगला भाग काऊलचा होता आणि त्याचे श्रेय मिस्त्रींना मनापासून द्यायला हवे. बरेच फिटर जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार घालून पंखा थेट जाळीवर आवळतात. अशा काड्या गाडीच्या हादऱ्यांनी नळ्यांना घासत राहतात आणि काही महिन्यांत तेथूनच पाणी झिरपू लागते. शिवाय पंखा जाळीला चिकटून असला की तो आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. आमची जाळी साधारण २० इंच बाय १८ इंच, म्हणजे ३६० चौरस इंचांची आहे आणि १६ इंची वर्तुळाचे क्षेत्रफळ भरते सुमारे २००. म्हणजे काऊलशिवाय पंखा बसवला असता, तर जवळजवळ निम्मी जाळी नुसती शोभेला राहिली असती. मिस्त्रींनी संपूर्ण जाळी झाकणारा पत्र्याचा डबा वाकवून घेतला, पंखा जाळीपासून दोन इंच मागे धरला, कडांना रबराची पट्टी लावली आणि सगळे रेडिएटरच्या लोखंडी चौकटीला रबरी बुश घालून बोल्टने बसवले. डब्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या झडपाही ठेवल्या, जेणेकरून गाडी वेगात असताना समोरचा वारा अडून न राहता त्या उघडून मागे निघून जाईल.

पंखा जोडल्यावर त्यांनी केलेली तपासणी मला फार आवडली. खिशातून घडी घातलेले वर्तमानपत्राचे पान काढून त्यांनी ते समोरून जाळीपाशी धरले आणि पंखा चालू करायला सांगितले. पान फडफडून बाजूला उडाले. ते काही बोलले नाहीत; मागे जाऊन मोटरच्या दोन वायरी उलटसुलट केल्या, पुन्हा पान धरले, तेव्हा ते जाळीला असे चिकटले की हात सोडल्यावरही खाली पडेना. वायरी उलट्या लागल्या की पंखा उलटा फिरतो, हवा पुढे फेकतो आणि धावत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशीच झगडत बसतो. कानाला मात्र तो तितक्याच जोमाने चालल्यासारखा वाटतो. ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी हा कागदाचा प्रयोग घरी एकदा अवश्य करावा.

इथवरच्या कामाला मी दहापैकी नऊ गुण दिले असते. वायरिंग मात्र त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः केले नाही. संध्याकाळ झाली होती, त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी सोपवली आणि मीही घाईत होतो, म्हणून उभे राहून पाहिले नाही. त्याची किंमत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोजावी लागली. टोमॅटो उतरवून गाडी चेंबूरकडे येत असताना वाशी खाडीपुलाच्या अलीकडे कोंडीत तापमानाचा काटा चढू लागला. जुन्या पंख्याचा पट्टा तुटला असता, तर त्याच पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर (गाडीची वीज तयार करणारे यंत्र) थांबून चार्जिंगचा दिवा तरी लागला असता. विजेचा पंखा बंद पडतो तेव्हा डॅशबोर्डवर कोणीच काही सांगत नाही. आमचे चालक मामा तीस वर्षे गाडी चालवत आहेत. त्यांना पंख्याची नेहमीची घरघर ऐकू आली नाही, एवढ्यावरून त्यांनी गाडी कडेला घेतली, म्हणून इंजिनाच्या हेडखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट, वाचले. एखादा नवखा मुलगा असता तर गाणी लावून पुढे गेला असता.

दुसऱ्या दिवशी बोनेट उघडून पाहिले तेव्हा दोन चुका सापडल्या. पहिली अर्थच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, जोडणीची. तापमानाचा स्विच एका टर्मिनलचा होता. म्हणजे त्याचा परतीचा मार्ग त्याच्या स्वतःच्या धातूच्या अंगातून जायला हवा. परंतु तो ज्या तुकड्यात बसवला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची होज होती आणि रबरातून वीज जात नाही. त्यावर तोडगा म्हणून होजच्या क्लिपखाली एक बारीक वायर दाबून ठेवली होती, ती हादऱ्यांनी निसटली. दुसरी चूक अधिक धोकादायक होती. चालू स्थितीत २१ अँपिअर आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून अधिक प्रवाह घेणाऱ्या मोटरला अडीच चौरस मिलिमीटरची वायर दिली होती, जोड पिळून चिकटपट्टीने गुंडाळले होते आणि रिलेचा प्लॅस्टिकचा होल्डर एका टर्मिनलपाशी करपून तपकिरी झाला होता. मीटर लावल्यावर बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि पंख्यावर ११.८ व्होल्ट दिसले. मधले जवळजवळ दोन व्होल्ट वायरी आणि जोड तापवण्यात जात होते, आणि तेवढ्या प्रमाणात पंखाही मंद फिरत होता.

मिस्त्रींनी वाद घातला नाही, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांनी नव्याने मजुरी न घेता सगळे वायरिंग उपटून पुन्हा केले. या वेळी सहा चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून थेट ओढली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज बसवला, रिले एक्झॉस्टपासून दूर, कॅबिनच्या भिंतीवर तोंड खाली करून लावला, म्हणजे पाणी आत साचू नये, आणि दोन टर्मिनलचा नवा स्विच घालून त्याची अर्थ सरळ चासिसवर घासून स्वच्छ केलेल्या जागी आवळली. रिलेच्या कॉइलला वीज किल्लीतून दिली, त्यामुळे गाडी बंद केल्यावर पंखा चालत राहून बॅटरी उतरण्याची भीती नाही. माझ्या आग्रहावरून त्यांनी आणखी दोन गोष्टी जोडल्या : पंख्याला प्रत्यक्ष वीज पोहोचली की डॅशबोर्डवर लागणारा हिरवा दिवा, आणि स्विचने दगा दिला तर चालकाला हाताने पंखा सुरू करता येईल असे एक बटण. आता पंख्यावर १३.१ व्होल्ट मिळतात. हे सारे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. पंख्याची किंमत विचारणारे आपण वायरीची जाडी विचारत नाही, ही चूक माझीही आहे.

अंदाज देताना अल्टरनेटरचा विषय कोणीच काढला नव्हता, ही माझी दुसरी तक्रार. आमचा जुना अल्टरनेटर ४५ अँपिअरचा होता. पंख्याचे २१, खालच्या झोतातील दोन हेडलाइटचे आठ-नऊ, वायपरचे चार आणि मागचे-बाजूचे दिवे धरले, तर पावसाळी रात्री मागणी ३७-३८ अँपिअरपर्यंत जाते. कागदावर हे ४५ मध्ये बसते. पण अल्टरनेटर आपला पूर्ण प्रवाह मंद चालणाऱ्या इंजिनावर देत नाही आणि पंखा सर्वाधिक चालतो तो नेमका तेव्हाच. जूनच्या पहिल्या पावसात सायनपासून घाटकोपरपर्यंत दीड तास सरकत गेल्यावर हेडलाइट पिवळे पडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ उचलेना. शेवटी ६५ अँपिअरचा दुरुस्त केलेला अल्टरनेटर ५,५०० रुपयांना बसवावा लागला. म्हणजे ११,४०० रुपयांचे काम प्रत्यक्षात १६,९०० रुपयांना पडले.

पावसाळ्यात या पंख्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. गांधी मार्केट किंवा हिंदमातासारख्या ठिकाणी पाणी साचले की पट्ट्यावरचा पंखा ते पाणी इंजिनभर उडवतो, आणि पाणी फार असेल तर त्याची पाती पुढे वाकून जाळीला लागण्याचा धोका असतो. आता मामा पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा फ्यूज काढून ठेवतात आणि पलीकडे गेल्यावर परत लावतात. मोटर पाण्याखाली जाऊ देणे मात्र तिच्या जिवावर बेतणारे आहे, त्यामुळे चाकाच्या निम्म्यावर पाणी दिसले की गाडी थांबवायची, असा आमच्याकडे दंडक आहे.

आता घाटाविषयी, कारण जुन्या ट्रकच्या मालकाला खरा निर्णय तेथेच घ्यायचा असतो. चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीसने चालते. वारा नसतो, पण इंजिन जोरात फिरत असते आणि त्याच्याबरोबर पट्ट्यावरचा पंखाही. जेव्हा सर्वाधिक हवा हवी, तेव्हाच तो सर्वाधिक हवा देतो. विजेचा पंखा मात्र सिग्नलला जेवढी हवा देतो तेवढीच घाटातही देतो. आमची गाडी माळशेज भरलेली उतरते आणि रिकाम्या क्रेटनिशी चढते, म्हणून आम्हाला हे जाणवत नाही. पाण्याचे तापमान चढावर ९४-९५ अंशांपलीकडे जात नाही. मेमध्ये एकदा परतीला दोन टनांच्या आसपास पशुखाद्य मिळाले, तेव्हा मात्र भर दुपारी तेच तापमान १०४ अंशांवर गेले. पाण्यात निम्मे कूलंट मिसळलेले आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब ठीक असल्यामुळे पाणी उकळले नाही, पण मामांनी दोनदा थांबून गाडी मंद चालू ठेवली आणि काटा खाली आल्यावरच पुढे नेली. झाकण उघडून पाहण्याचा शहाणपणा त्यांनी केला नाही, हे सांगायला नकोच.

म्हणून ज्यांची जुनी गाडी भिवंडी, वाशी, वडाळा, अंधेरी अशी शहरातच फिरते, त्यांना हा बदल मी निःसंकोच सुचवीन, अट एवढीच की वायर, फ्यूज आणि अल्टरनेटर यांचा हिशेब आधी कागदावर मांडून घ्यावा. जे रोज पूर्ण माल घेऊन कसारा किंवा माळशेज चढतात, त्यांनी पट्ट्यावरचाच पंखा चांगल्या काऊलसह ठेवावा. डिझेलच्या बचतीसाठी मात्र कोणी हा खटाटोप करू नये. टाकी भरून केलेल्या चार मोजण्यांत लिटरमागे अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी फरक आला आणि मालाचे वजन दर फेरीला बदलत असल्यामुळे तोही पंख्याचाच, असे मी म्हणणार नाही.

जुना पंखा मिस्त्रींनी भंगारात घालू दिला नाही. तो चार बोल्टांसह पोत्यात गुंडाळून चालकाच्या आसनामागे ठेवला आहे. पत्र्याचा डबा सोडवून तो परत पुलीवर चढवायला मामांना पाऊण तास लागतो. गेल्या आठवड्यात पुन्हा पशुखाद्याचे भाडे आले, तेव्हा आदल्या रात्रीच त्यांनी तो काढून ठेवला होता.