सातपुड्यातल्या गावाने कुठली वाट धरावी: सापुतारा, सारंगखेडा की बारीपाडा?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या सात पायरी घाटात गाड्यांची रांग लागते. यशवंत तलावाच्या काठी कणसं आणि चहा विकणाऱ्यांचे चार पैसे होतात आणि सोमवारी तिथेच बाटल्या, पत्रावळ्या, कुरकुऱ्यांची पाकिटं पडलेली दिसतात. आजूबाजूच्या पाड्यांवर आता वेगवेगळी माणसं येऊन बोलू लागली आहेत. कुणी जागा बघायला येतो, कुणी ‘इथे महोत्सव भरवा’ म्हणतो, कुणाच्या हातात सरकारी होमस्टेचा अर्ज असतो. गावात रोजगार येईल, असं तिघंही सांगतात.

या तिन्ही वाटा आपल्या परिसरात चालून झाल्या आहेत. सीमेपलीकडे डांगात सापुतारा आहे, शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे आणि साक्री तालुक्यात बारीपाडा. धडगाव-अक्कलकुव्याच्या गावकऱ्यांनी ग्रामसभेत हात वर करण्याआधी या तिघांकडे नीट बघावं, म्हणून हे लिहितो आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो. डोंगरावरच्या गावाने बारीपाड्याची वाट धरावी, पाहुणे घरात आणि मोजके ठेवावेत आणि जमीन कुणालाही, कुठल्याही कागदावर देऊ नये. पण बाकीच्या दोन वाटांमध्ये काहीच चांगलं नाही असं नाही, आणि बारीपाडा सोपं आहे असंही नाही.

सापुताऱ्याची वाट

सापुतारा गुजरात सरकारने आखून वसवलं. तलाव, बोटिंग, रोपवे, हॉटेलांची रांग, पावसाळ्यातला महोत्सव, सगळं एका आराखड्यात बसवलेलं. सुरतेहून आणि नाशकाहून माणूस सकाळी निघतो आणि दुपारच्या जेवणाला पोहोचतो. रस्ता चांगला, बस आहे, कचरा उचलायला यंत्रणा आहे, वर्षभर गिऱ्हाईक आहे. तोरणमाळला शहाद्याहून साधारण ५५ किलोमीटर चढून गेल्यावर अशी सोय दिसत नाही, तेव्हा ‘आपल्याकडे का नाही’ असं तरुणांना वाटतं. ते वाटणं चुकीचं नाही.

फक्त सापुतारा वसवताना तिथल्या मूळच्या आदिवासी कुटुंबांना उठवून जवळच्या नवागामला बसवलं गेलं, हे विसरता येत नाही. थंड हवेचं ठिकाण झालं त्या माळावर आधी त्यांची शेतं होती. नंतर तिथे काम मिळालं, ते दुसऱ्याच्या हॉटेलात. सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं बुडिताखाली गेली. धडगाव-अक्कलकुव्याच्या घराघरात पुनर्वसन म्हणजे काय ते माहीत आहे. त्यामुळे ‘जागा द्या, नोकरी देतो’ हे वाक्य इथे कुणी सहज घेऊ नये.

कायदा गावाच्या बाजूने आहे, पण तो माहीत असावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला मंजुरीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. ५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यापलीकडच्या कशालाही राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे मिळालेला वनपट्टा वारशाने पुढच्या पिढीला जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात जमीन आणि पाण्याच्या बाबतीत ग्रामसभेला विचारावंच लागतं. म्हणूनच जागा बघायला येणारा माणूस सरळ खरेदीखताची भाषा करत नाही. तो भागीदारीची, मुखत्यारपत्राची, स्टँप पेपरवरच्या कराराची भाषा करतो. असा कागद समोर आला की तो वाचून दाखवायला ग्रामसभेत मागवायचा, घरातल्या घरात सही करायची नाही.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा, आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. हॉटेलसाठी भारतीय मानकात एका खाटेमागे १८० लिटर धरतात. ४० खाटांचं एक हॉटेल भरलं तर रोज ७,२०० लिटर, म्हणजे गावातल्या १३० माणसांचं पाणी. जुलैत ते कुणाला जाणवणार नाही. मे महिन्यात पाड्यावरच्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर पाझराची वाट बघत बसतात, तेव्हा उन्हाळी सुटीचं गिऱ्हाईकही ऐन भरात असतं. बोअर कुणाची खोल जाईल, हे सांगायला नको.

राज्याचं २०२४ चं पर्यटन धोरण दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणायची म्हणतं आणि त्यासाठी करपरतावे, व्याजसवलती देतं. मोठ्या प्रकल्पाला त्याचा फायदा आहे. पण गुंतवणूक किती आली हे मोजणारं धोरण गावाच्या विहिरीची पातळी मोजत नाही. ते काम गावालाच करावं लागेल.

सारंगखेड्याची वाट

दत्तजयंतीला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे, लांबलांबून आलेले व्यापारी, तापीकाठचे तंबू, शेतीची अवजारं, बैल, खाण्याची दुकानं. खान्देशातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. ही यात्रा कुणी योजना आखून सुरू केली नाही. श्रद्धा आणि व्यापार एकत्र आले, पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

मागच्या दशकात तिच्यावर चेतक महोत्सव बसवला गेला. आलिशान तंबू, कार्यक्रम, देशभर जाहिरात. जिल्ह्याचं नाव झालं, हे खरंच. पण २०१९ च्या अखेरीस राज्य शासनाने बाहेरच्या एका कंपनीबरोबरचा ३२१ कोटींचा करार रद्द केला. यात्रा मात्र त्यामुळे थांबली नाही, घोडे येत राहिले. माझ्या मते यातलं शिकण्यासारखं हेच आहे. जे लोकांचं होतं ते राहिलं, वरून आणलेलं होतं ते एका शासन निर्णयाने आलं आणि दुसऱ्याने गेलं.

डोंगरात हीच वाट काठीच्या राजवाडी होळीला, दिवाळीतल्या अस्तंब्याच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीच्या गोरखनाथ यात्रेला लावायची सूचना नेहमी येते. मला ती धोक्याची वाटते. सारंगखेड्याचा पाया बाजार आहे. बाजारात गिऱ्हाईक वाढलं तर विकणाऱ्याला आनंदच. काठीच्या होळीचा पाया व्रत आहे. मोरपिसांचा टोप आणि कमरेला भोपळे बांधून नाचणारे बावा-बुध्या दिवसेंदिवस पाळणी पाळून तिथे आलेले असतात. ते कुणाच्या करमणुकीला नाचत नाहीत. आताच कॅमेरे घेऊन लोक रिंगणात शिरतात. उद्या मंच, पाहुण्यांच्या खुर्च्या आणि स्पर्धेची बक्षिसं आली की होळी कधी पेटवायची हे पुजाऱ्याऐवजी प्रमुख पाहुण्यांच्या गाडीवर ठरेल.

पैशाचं गणितही लंगडं आहे. महोत्सवाचं उत्पन्न आठ-दहा दिवसांचं, आणि त्यातला मोठा वाटा मंडप, ध्वनी, जेवणाच्या ठेक्यात गावाबाहेर जातो. मागे उरतो तो कचरा आणि उघड्यावरची घाण. म्हणून यात्रा जिथे आहे तिथे गावाने तिची व्यवस्था हातात घ्यावी. वाहनतळाची पावती ग्रामपंचायतीने फाडावी, फिरती शौचालयं, कचरा आणि पिण्याचं पाणी त्याच पैशातून करावं. नवी जत्रा मात्र उभी करू नये.

बारीपाड्याची वाट

बारीपाडा हे साक्री तालुक्यातलं कोकणा आदिवासींचं छोटं गाव. १९९० च्या दशकापासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. राखणीला माणसं लावली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, आणि तो आपल्याच भाऊबंदांकडून वसूल केला, जे सगळ्यात अवघड असतं. जंगल परतलं तसं विहिरीत पाणी टिकू लागलं. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, गावातल्या आणि आसपासच्या बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात आणि लांबून लोक ते बघायला, चाखायला येतात. विद्यार्थी येतात, अभ्यासक येतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली.

इथे क्रम लक्षात घ्या. आधी जंगल, मग पाणी, मग शेती, आणि या सगळ्यानंतर पाहुणे. पाहुण्यांसाठी काही सजवलं नाही. गावाने स्वतःसाठी जे केलं ते बघायला पाहुणे आले. त्यामुळे एखाद्या वर्षी कुणी आलं नाही तरी गावाची चूल विझत नाही.

या वाटेला आता सरकारी पैसाही जोडता येतो. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान’मध्ये देशभरात १,००० आदिवासी होमस्टे धरले आहेत. नव्या बांधकामाला घरामागे ५ लाखांपर्यंत, आहे त्या खोल्यांच्या दुरुस्तीला ३ लाखांपर्यंत, आणि गावाच्या सामाईक गरजांसाठी ५ लाखांपर्यंत मदत आहे. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. बचतगटाच्या बायांनी हे दोन्ही अर्ज आधी बघावेत.

उत्पन्नाचा अंदाज खरा ठेवावा. समजा, एका घरात दोन खोल्या, चार पाहुणे, दोन वेळच्या जेवणासकट माणशी ८०० रुपये, आणि वर्षात ६० रात्री भरल्या. १ लाख ९२ हजार होतात. किराणा, चादरी, साफसफाई, कर्जाचा हप्ता यात निम्मे गेले असं धरलं तर हातात लाखाच्या आतबाहेर राहतात. हॉटेलातला चौकीदारही वर्षाला एवढे मिळवू शकेल. फरक असा की घरनिवास चालवणारं कुटुंब सोबत आपली शेती करतं, आमचूर वाळवतं, मोहाची फुलं वेचतं. शिवाय तो पैसा घरातल्या बाईच्या नावावर येऊ शकतो. एवढ्यावर घर चालेल असं मात्र कुणी समजू नये. हे जोडउत्पन्न आहे.

या वाटेच्या अडचणी मला सगळ्यात जास्त छळतात, कारण मी तिचीच शिफारस करतो आहे. ती फार हळू चालते. बारीपाड्याला पाव शतकाहून जास्त काळ लागला, आणि चैत्राम पवारांसारखा माणूस प्रत्येक पाड्यावर नसतो. दुसरं, ज्याचं घर आधीच पक्कं, रस्त्याला लागून, त्यालाच पाहुणे मिळतात आणि गावात नवी दुफळी पडते. याला उपाय पाळीचा आहे. बुकिंग एकाच ठिकाणी, ग्रामसभेच्या समितीकडे. पाहुणा घर निवडणार नाही, पाळी निवडेल. आणि ज्यांच्याकडे खोलीच नाही त्यांना वाटाड्याचं, स्वयंपाकाचं, घोंगडी-चादरीचं काम पाळीनेच. तिसरं म्हणजे बाईचं ओझं. पाहुणे घरी आले की पहाटे चारला उठणारी बाई तीनला उठते. पाहुण्यांच्या जेवणाची मजुरी वेगळी धरून ती तिच्या खात्यात गेली नाही, तर होमस्टेच्या नावाखाली फुकटची राबणूकच होईल.

आणि ताटात काय वाढायचं, तेही ठरवून घ्या. पाहुणा पनीर मागेल. त्याला मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी, उडदाची डाळ वाढा. पनीर त्याला शहाद्यातही मिळतं.

उत्तर कुठे बदलतं

हे सगळं डोंगरावरच्या, पाण्याने गांजलेल्या, सामाईक जंगल असलेल्या गावांसाठी आहे. सारंगखेडा, प्रकाशा यांसारख्या तापीकाठच्या यात्रेच्या गावांनी आपली यात्राच नीट सांभाळावी, त्यांना घरनिवासाची घाई नाही. पाल किंवा पाटणादेवी अभयारण्यांत येतात, तिथे वनखात्याशिवाय काही होत नाही. शेजारच्या गावांनी दिवसाच्या पाहुण्यांवर, वाटाड्यांच्या कामावर आणि खाण्यापिण्यावर भर द्यावा. जळगावकडे अजिंठ्याच्या रस्त्याला स्वतःच्या सातबाऱ्यावर एक एकराहून जास्त जमीन असलेल्या शेतकऱ्याला राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण बरं पडेल. हिवाळ्यात केळीच्या बागेत भरीत-पार्टीला माणसं येतातच, त्याचं रीतसर उत्पन्न होऊ शकतं.

सातपुड्यातल्या गावाने पहिल्या ग्रामसभेत फारसं काही ठरवायची गरज नाही. जमिनीचा कुठलाही करार ग्रामसभेत वाचल्याशिवाय होणार नाही, एवढा ठराव करावा. पहिल्या वर्षी सहा-आठ घरांपलीकडे जाऊ नये. पाहुण्यांचा हंगाम जुलै ते फेब्रुवारी ठेवावा आणि मार्च लागला की बंद. घरामागे ठरलेली रक्कम कचरा खाली शहाद्याला नेणाऱ्या गाडीसाठी आणि जंगलाच्या राखणीसाठी बाजूला काढावी. मे महिन्यात विहिरीत दोरी सोडून पाणी मोजावं, आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि पुढच्या वर्षी किती खाटा वाढवायच्या ते त्या आकड्यासमोर बसून ठरवावं.