फाइल नेमकी कोणाच्या नावावर? शेअर्ड ड्राइव्हवर काढलेला दिवाळी अंक

आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक आम्ही सात-आठ जण मिळून काढतो. संपादन करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, मुद्रितं एक काका तपासतात, जाहिरातींसाठी दोन मुलं फिरतात, डीटीपी (संगणकावर पानांची मांडणी) दुसऱ्या गावात होतं आणि फायली सांभाळायचं काम माझ्याकडे. फेब्रुवारीपर्यंत हा सगळा कारभार आमच्या खासगी जीमेल खात्यांच्या गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायच्या जागेवर चालायचा. तेव्हापासून आम्ही गूगल वर्कस्पेसचा, म्हणजे गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेतला, शेअर्ड ड्राइव्ह वापरतोय. आता अंक निघाला, जाहिरातींची वसुलीही झाली, म्हणून हा नऊ महिन्यांचा अनुभव लिहितोय.

बदल करावा लागला तो एका नुकसानीमुळे. जानेवारीत जुने अंक काढायला गेलो, तर तीन वर्षांच्या छपाईच्या पीडीएफ जागेवर नव्हत्या. फोल्डर माझा होता, त्यामुळे आतलं सगळं माझ्या ताब्यात आहे असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. खासगी ड्राइव्हमध्ये जो फाइल टाकतो, तोच तिचा मालक राहतो, फोल्डर कोणाचाही असो. जागाही त्याच्याच फुकट मिळणाऱ्या 15 जीबीतून जाते, आणि त्यातच त्याचे मेल आणि फोटोही असतात. आमचा आधीचा कार्यकर्ता नोकरीसाठी परगावी गेला, त्याची जागा भरली, त्याने जुन्या मोठ्या फायली काढून टाकल्या. त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत! कचरापेटीतली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते, आणि तोवर कित्येक महिने उलटले होते. अंक कपाटात होते, ते स्कॅन केले. लेखकांची परवानगीची पत्रं मात्र त्या फोल्डरमध्येच होती, कागदावर कुठेच नव्हती.

शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल व्यक्तीच्या नावावर नसते, संस्थेच्या नावावर असते. टाकणारा उद्या निघून गेला तरी फाइल जागची हलत नाही. आमची संस्था नोंदणीकृत धर्मादाय असल्याने वर्कस्पेसची ना-नफा संस्थांसाठीची आवृत्ती विनामूल्य मिळाली. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे संस्थेच्या नावाच्या इंटरनेट-पत्त्याचा. कागदपत्रांच्या पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा अंकाची धावपळ सुरू व्हायच्या आधीच अर्ज करा.

सगळ्यात जास्त विचार कोणाला कोणता अधिकार द्यायचा यावर करावा लागला. सुरुवातीला मी सगळ्यांना कंटेंट मॅनेजर केलं, म्हणजे फायली काढायचा आणि हलवायचा अधिकारही दिला. जुलैमध्ये जाहिरातींच्या मुलाने फोनवरून आवरासावर करताना कवितांचा अख्खा फोल्डर कचरापेटीत टाकला. आठवड्यात लक्षात आलं म्हणून परत मिळाला. इथेही मुदत 30 दिवसांचीच, फक्त त्यानंतर आणखी 25 दिवस ॲडमिनला (संस्थेची खाती सांभाळणाऱ्याला) फायली परत आणता येतात. त्या दिवसापासून बहुतेकांना काँट्रिब्यूटर केलंय: फाइल टाकता येते, दुरुस्त करता येते, पण काढता किंवा हलवता येत नाही. सगळे अधिकार असलेले मॅनेजर दोघे ठेवलेत, बाई आणि मी. एकच मॅनेजर ठेवला तर तो आजारी पडला की सगळ्यांचं अडतं. डीटीपीवाल्याला त्याच्या नेहमीच्या जीमेलवरच सदस्य करून घेतलं, त्याने टाकलेली पानंही आता संस्थेचीच राहतात.

त्रास झाला तो जुनं सामान हलवताना. खासगी खात्यावरच्या फाइलची मालकी संस्थेच्या खात्याकडे थेट देता येत नाही. आम्ही उतरवून पुन्हा चढवल्या, त्यात मुद्रितांवरच्या काकांच्या टिपणांचा आणि आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास गेला. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये चित्रांचे दुवेही तुटले, कारण संगणकावर शेअर्ड ड्राइव्हचा पत्ता वेगळा असतो. डीटीपीवाल्याने एक अख्खी संध्याकाळ बसून ते जोडले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले लेख ड्राइव्हच्या शोधात नाव टाकून सापडत नाहीत, युनिकोडमधले (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतले) लगेच सापडतात. त्यामुळे आता फाइलच्या नावातच लेखकाचं नाव आणि वर्ष घालतो.

म्हणून खासगी ड्राइव्ह बंद करा असं मी म्हणणार नाही. बाई संपादकीयाचे पाच-सहा कच्चे खर्डे लिहितात. ते सगळ्यांनी वाचायचे नसतात, ते त्यांच्याच ड्राइव्हवर राहतात आणि पक्का झाला की इकडे येतो. मी धरलेला नियम एवढाच की मी उद्या नसलो तर ज्या फाइलवाचून कोणाचं तरी अडेल, ती माझ्या नावावर ठेवायची नाही.

ऑक्टोबरात जाहिरातींच्या दोघांपैकी एक जण शिकायला पुण्याला गेला. त्याचं नाव सदस्यांतून काढलं. दरपत्रक, पावत्या, दुकानदारांची यादी, सगळं होतं तिथेच आहे.

परवानगीची पत्रं पुन्हा मागवण्याचं काम अजून चालू आहे. 31 लेखकांना लिहिलं, 19 जणांची उत्तरं आली. दोघे आता हयात नाहीत, त्यांच्या घरी येत्या रविवारी बाई आणि मी जाणार आहोत.