डिलन ५५० की ७५०? स्वस्त प्रेसला वैतागलेल्यांसाठी

इथे टेक्सासात नाईन एमएम पिस्तुलाच्या गोळ्या रिलोड करणाऱ्या, म्हणजे उडालेल्या गोळीचं रिकामं पितळी नळकांडं (केस) परत भरणाऱ्या दोघातिघांनी मला हेच विचारलं, की स्वस्तातली पाच स्टेशनची (कामाच्या पाच टप्प्यांची) प्रेस, म्हणजे गोळ्या भरायचं यंत्र, आता नको झालीय, पुढे डिलन कंपनीची ५५० घ्यायची की ७५०. मी तसल्या स्वस्त प्रेसवर तीन वर्षं काढून ५५० घेतली, आणि ७५० मित्राच्या गॅरेजमधे बऱ्याचदा चालवलीय.

स्वस्त प्रेसच्या गोळ्या वाईट नव्हत्या, लांबी, क्रिम्प (केसच्या तोंडाची आवळ) सगळं ठीक यायचं. छळलं ते प्रायमरनी, म्हणजे केसच्या बुडात बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्यांनी. ते उतरत्या पट्टीवरून स्वतःच्या वजनाने घरंगळत येतात, म्हणजे पट्टी भरलेली आहे तोवर बरं, शेवटचे दहाबारा उरले की मागून रेटा नाही, मग एखादा आडवा होतो, एखादा येतच नाही आणि तो आला नाही हे हाताला कळतही नाही. प्रेस आपोआप फिरते, बिनप्रायमरची केस पावडर (बंदुकीची दारू) टाकणाऱ्या स्टेशनखाली जाते आणि बुडाच्या भोकातून पावडर शेलप्लेटवर (केस धरून फिरणाऱ्या तबकडीवर) सांडते. ते दाणे प्लेटखाली गेले की प्लेट जड फिरते, मग सगळं खोला, ब्रशने साफ करा, परत लावा. शनिवारी रात्री मॅचच्या दोनशे गोळ्या करायला बसून चार वेळा प्रेस खोलायची, अक्षरशः रडकुंडीला यायचो.

डिलनच्या दोन्हींत प्रायमर उभ्या नळीत असतात आणि वरून दांडीचा दाब असतो, त्यामुळे शेवटचे काही प्रायमरसुद्धा नीट येतात. तो त्रास दोन्हींत जवळजवळ संपतो.

मग फरक कुठे, तर फिरण्यात. ७५० आपोआप फिरते, पाचवं स्टेशन असल्याने पावडर चेक (केसमधली पावडर कमीजास्त झाली तर इशारा देणारं साधन) लावायला जागा मिळते, आणि वेग मस्तच. महिन्याला हजारो गोळ्या उडवणाऱ्याने तीच घ्यावी, मी अडवणार नाही. पण माझं असं झालं की तिच्यावर लय लागली की हात थांबत नाही, काही चुकलंय हे लक्षात येईपर्यंत केस पुढे गेलेली असते. ५५० मधे प्लेट मी हाताने फिरवेपर्यंत काहीच सरकत नाही. हँडल पुढे ढकलताना प्रायमर बसल्याचं जाणवलं नाही तर तिथेच केस अडवणारी पिन काढायची, केस उचलून बघायची. मला नेमकं हेच हवं होतं.

अर्थात ५५० चा धोकाही तोच आहे, फिरवायला विसरलात तर त्याच केसमधे दुसऱ्यांदा पावडर पडते, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून मी केस निम्म्याहून जास्त भरेल अशीच पावडर वापरतो, दुप्पट पडली तर उतू जाते, आणि वर दिवा लावून प्रत्येक केसमधे डोकावतो. एवढी शिस्त जमणार नसेल तर ७५० आणि पावडर चेक घ्या.

कॅलिबर बदलणंही ५५० वर स्वस्त पडतं. तासाला तीनशेच्या आसपास होतात माझ्या, मला पुरतात.

एच-वनवर असाल तर प्रेसच्या आधी कायदा बघा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, गोळ्या बाळगायलाही फेडरल कायद्यात मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद सोडले तर.

आणि जुनी प्रेस विकू नका, मळक्या ब्रासचे, म्हणजे वापरलेल्या केसचे, उडालेले प्रायमर काढायला मी अजून तीच वापरतो.