बेसबॉल रेफरन्स: फुकटात एवढं मिळतंय, फक्त 'मायनर्स'चा भाग उघडा

ऐरोलीत अमेरिकन क्लायंटसोबत काम करणाऱ्यांना माहितीय, एप्रिल लागला की कॉलवर आधी बेसबॉल आणि मग काम. नुसतं हं हं करून कंटाळा आला म्हणून मी बेसबॉल रेफरन्स ही बेसबॉलच्या आकडेवारीची साइट बघायला लागलो आणि आता ठाणे-वाशी लोकलमध्ये रील्स सोडून हेच चाललेलं असतं.

साइट मोफत आहे, लॉगिन लागत नाही. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, मोठ्या स्टार्सची माहिती काय, कुठेही मिळते. इथली खरी गंमत खालच्या लीगांमध्ये, म्हणजे मायनर्समध्ये आयुष्य काढलेल्यांच्या पानांत आहे.

लू अल्माडाचं पान उघडून बघा. मेक्सिकोत जन्मलेला, आउटफिल्डर, म्हणजे मागे लांब उभं राहून उंच उडालेले कॅच घेणारा. त्याचा धाकटा भाऊ मेल, तोही आउटफिल्डर, १९३३ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून खेळला आणि मेजर लीग खेळणारा मेक्सिकोत जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. पुढे ६४६ मॅच खेळला. लू मात्र मेजरला एकही मॅच नाही. त्याचं टेबल म्हणजे वेस्ट कोस्टवरची पॅसिफिक कोस्ट लीग ही मायनर लीग, आधी सिअ‍ॅटलची टीम, मग मिशन्स नावाची, वर्षामागून वर्ष तेच.

आता इथे नवीन माणूस हमखास फसतो. लेव्हलच्या, म्हणजे मायनर्समधल्या वर्गाच्या कॉलममध्ये डबल ए दिसतं, आपल्याला वाटतं ट्रिपल ए च्या खालचा, म्हणजे दोन नंबरचाच की. पण ट्रिपल ए हा वर्ग १९४६ ला आला, त्याआधी मायनर्समध्ये डबल ए च सगळ्यात वरचा होता. त्यात १९५८ ला डॉजर्स आणि जायंट्स येईपर्यंत वेस्ट कोस्टवर मेजरची टीमच नव्हती, तिथल्या लोकांसाठी पॅसिफिक कोस्ट हीच मोठी लीग, हवा बरी त्यामुळे सीझन पण मेजरच्या १५४ मॅचपेक्षा लांब. मला तर अमोल मुझुमदारच आठवला, मुंबईकडून पहिल्याच मॅचला २६०, फर्स्ट क्लासला ११ हजारांवर रन आणि इंडिया कॅप नाही (कोच म्हणून २०२५ चा महिला वर्ल्ड कप आपल्या नेरुळच्या डीवाय पाटीलवर जिंकला ती गोष्ट वेगळी). त्याला कोणी दोन नंबरचा म्हणून दाखवा.

आणखी एक पान, हेक्टर एस्पिनो. हा आउटफिल्डर नाही, फर्स्ट बेसवाला, पण बघाच. १९६४ ला मेक्सिकोतल्या माँटेरेकडून ४६ होमरन (आपल्याकडचा सिक्सच समजा) मारले, त्याच वर्षी अमेरिकेत मायनर्समध्ये जॅक्सनव्हिलला ३२ मॅच, अ‍ॅव्हरेज .३००, म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला येऊन तीसदा बॉल मारून बेस गाठला, बेसबॉलमध्ये हे भारी समजतात. आणि त्यानंतर अमेरिका बंद! पुन्हा गेलाच नाही, मेक्सिकन लीगमध्ये एकूण ४५३ होमरन मारले. का गेला नाही ते टेबल सांगत नाही, त्यासाठी दुसरीकडे वाचावं लागतं. तसंच मेक्सिकन खेळाडूंचं एक कायम लक्षात ठेवा, त्यांचे हक्क तिथल्या क्लबकडे असायचे, अमेरिकन टीमला ते विकत घ्यावे लागायचे आणि पैशातला मोठा वाटा क्लबलाच. त्यामुळे एखादा पोरगा पंचविशीपर्यंत मेक्सिकोतच दिसला की लगेच कच्चा समजू नका.

मला सगळ्यात आवडलेला कॉलम वयाच्या फरकाचा. लीगच्या सरासरीपेक्षा खेळाडू किती लहान किंवा मोठा ते दाखवतो. विशीतला पोरगा मोठ्यांमध्ये .२६० मारतोय आणि तिशीतला पोरांमध्ये .३२० मारतोय, यात पहिल्यावर पैसे लावणारे जास्त का असतात ते एका आकड्यात कळतं. मेक्सिकोवाल्यांचं तर उन्हाळ्यात एक लीग, ऑक्टोबरपासून हिवाळ्यातली दुसरी, वर्षभर बॅट खाली नाही.

जुन्या मायनर्सच्या नोंदीच तेव्हा नीट ठेवल्या नव्हत्या म्हणून बरेच रकाने रिकामे दिसतील, ते शून्य नाही, नोंद नाही एवढंच. टेबल रुंद असतात, फोन आडवा धरा. मराठी, हिंदी काही नाही, सगळं इंग्लिश, आणि शॉर्ट फॉर्म भरपूर, पण कॉलमच्या नावावर कर्सर नेला की अर्थ येतो, म्हणून पहिल्यांदा लॅपटॉपवरच बघा. स्टॅटहेड नावाचा पैसेवाला भाग आहे, फँटसी खेळणारे किंवा यावर लिहिणारे असाल तर घ्या, बाकीच्यांना काही गरज नाही. पाचपैकी साडेचार.